शिवणगाडीतला पाझर

१

कुलूप जागच्या जागी होतं, दार शाबूत होतं, आभाळात ढगाचा मागमूस नव्हता, आणि शिवणगाडीच्या आत मात्र पाणी होतं.

करुणा साळवे दारातच थबकली. मागच्या भिंतीपाशी फळीवर पांढऱ्या कापडाचा गठ्ठा ठेवलेला होता. तो पार भिजला होता आणि त्यावर चहा सांडावा तसे तपकिरी डाग पसरले होते. प्रजासत्ताक दिनाला शाळेतल्या पोरांच्या अंगात जे शर्ट जायचे, त्यांचं ते कापड. शिवणवर्गाला मिळालेलं पहिलंच मोठं काम.

"आगं बाई!" मागून म्हाळसाचा आवाज आला. "पुन्ना?"

पुन्हाच. आधी सणसरला, मग सुप्याला आणि आता इथं कळंबला, शाळेच्या मैदानात, जिथं गाडी आज सकाळीच येऊन उभी राहिली होती.

शिवणगाडी हे नाव बायकांनीच ठेवलं होतं. कुण्या परदेशी साहेबानं धरणाच्या कामावर असताना राहायला आणलेली ती चाकांवरची खोली होती. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवूड आणि दोहोंच्या मध्ये चार बोटं पोकळी. साहेब मायदेशी गेला, खोली धूळ खात पडली. बारामतीच्या एका महिला मंडळानं ती घेतली, आत शिलाई यंत्रं बसवली आणि ट्रॅक्टरला जोडून गावोगाव धाडली. बायकांना बारामतीला येऊन शिकायची मुभा नव्हती, तर वर्गच त्यांच्या दारात गेला. करुणा शिकवायची. झाडलोट, राखण आणि किल्ली म्हाळसाकडे असायची.

नशीब असं वाईट, की मंडळाच्या अध्यक्षा राजनंदिनीताई नेमक्या त्याच सकाळी शर्टांचं काम बघायला जीपनं हजर झाल्या. त्यांनी गठ्ठा पाहिला, डाग पाहिले, कापड उचलून नाकाशी धरलं.

"धुण्याच्या पावडरीचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "किल्ली कुणाकडे असते?"

"माज्याकडं," म्हाळसा म्हणाली.

"काल संध्याकाळनंतर आत कोण आलं होतं?"

"कुनीच न्हाय, ताई. झाडून काढलं आन् कुलूप घातलं."

"मग पाणी काय चालत आलं? आत धुणं धुतलंस आणि बादली लवंडली, असंच ना? एकदा झालं, सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं, तेही सोडलं. आता हे तिसऱ्यांदा. एक तर तू निष्काळजी आहेस, नाहीतर खोटारडी."

शिकायला आलेल्या कळंबच्या झाडून साऱ्या बायका दारापाशी उभ्या होत्या. म्हाळसानं मान खाली घातली. राजनंदिनीताईंनी तिच्याकडची किल्ली मागून घेतली आणि करुणाच्या हातावर ठेवली.

"परवा मंडळाची बैठक आहे. तिथं हिच्या जागी दुसरी बाई नेमू."

म्हाळसा कळंबचीच. नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन दिराच्या घरातून बाहेर पडली होती, ती या नोकरीच्या जोरावर. नोकरी गेली तर तिला पुन्हा त्याच दारात जावं लागणार होतं, आणि तिथं तिला काय ऐकावं लागेल हे करुणाला चांगलं ठाऊक होतं.

"ताई, उद्या दुपारी या," करुणा म्हणाली. "पाणी कुठून आलं ते मी दाखवते."

बोलून गेली खरी, पण पाणी कुठून आलं याचा तिला गंधही नव्हता.

२

करुणाच्या नाकावर राग सदाचाच. घरातले म्हणत, पोरगी भौतिकशास्त्र शिकली पण रागाचं गणित तिला कधी सुटलं नाही. तो राग घेऊन ती तडक बाजारपेठेत गेली, सिद्धू शिंप्याच्या दुकानात. शर्टांचं काम आजवर त्याचं असायचं. यंदा ते शिवणगाडीला गेलं म्हणून त्यानं गावभर आदळआपट केली होती.

"या बाई," चष्म्यावरून बघत सिद्धूतात्या म्हणाला. "माज्यावर आळ घ्यायला आलाय न्हवं? समद्या गावाला म्हाईत हाय, माजं तुमच्याशी वाकडं हाय ते."

"तुम्हीच सांगा मग. पाणी तुम्ही टाकलंत?"

"तुमचा वरग उद्या बंद पडला तर मी पेढं वाटंन. पन कापड नासवनार न्हाय! उभ्या जल्मात कापडावर पानाच्या पिंकंचा शितोडा पडू दिला न्हाय मी." त्यानं कात्री खाली ठेवली. मग जरा ओशाळून म्हणाला, "आन् आमची सूनच शिकतीया तुमच्याकडं. तिला ठावं हाय ते मला न्हाय, काज किती झ्याक करती."

करुणाला हसू आवरेना.

"येक सांगू?" तात्या पुढं म्हणाला. "गाडी जुनी हाय, गळत असंल, असं वाटत असंल तर त्ये मनातनं काढा. श्रावणात गाडी हितं व्हती तवा सुनंला न्यायला आलो आन् धो-धो पावसात अडाकलो. घटकाभर आत बसलो. टिपूस म्हनून आला न्हाय."

पावसाळ्यात कोरडी ठणठणीत राहणारी गाडी हिवाळ्यात ओली होते, हे ऐकून करुणाचं डोकं आणखीच चक्रावलं.

तिथून ती संभाजीकडे गेली. शिवणगाडी ओढणारा ट्रॅक्टर त्याचा. ऊस वाहतुकीच्या खेपा सोडून त्याला मंडळाचं काम करावं लागतं, म्हणून तो कुरकुरतो अशी बोलवा होती. तो चिंचेखाली बसून तंबाखू मळत होता.

"मी कुरकुरतो?" तो उसळला. "बाई, त्या गाडीला मी घरच्या म्हशीपरीस जास्त जपतो. दसऱ्याला माज्या हातानं तिची पूजा केली, झेंडूचं हार घातलं. दर अवसेला कालव्यावर न्हेतो, इंजनाच्या पाइपानं लख्ख धुतो, पावडर लावून. ताजं लिंबू-मिरची बांधतो. आन् अवसेला नवं गाव गाठत न्हाय मी. दुसऱ्या दिशी सकाळी जोडायची आन् नव्या गावाला न्यायची, ही आपली रीत."

"मग पाणी कशानं येतं, संभाजीदादा?"

त्यानं आवाज उतरवला. "नजर लागलीया. सणसरला पानी निघालं तवा मी काळी भावली लावली. तरी सुप्याला निघालं. मंग घोड्याची नाल ठोकली. ह्या खेपंला तर गठ्ठाच भिजला. येवडं करून बी इलाज चालंना म्हनल्यावर कायतरी थोरलं हाय बगा."

करुणा तिथंच थांबली. दर वेळी गाडी नव्या गावात आली तेव्हाच पाणी निघालं होतं आणि दर वेळी त्याच्या आदल्या दिवशी अमावस्या होती. हे बायकांच्याही ध्यानात आलं होतं. ती गाडीपाशी परतली तेव्हा मैदान ओस पडलं होतं. अवसेची बाधा झालेल्या गाडीत पाऊल टाकायला एकही बाई तयार नव्हती.

एकटी म्हाळसा पायरीवर बसली होती आणि शेजारी तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधून तयार होतं.

३

"कुठं निघालीस?"

"हाकलायच्या आदी आपन जावं, बाई."

करुणा तिच्याजवळ बसली. विचारावं की नको, असं क्षणभर झालं. "म्हाळसा, त्या कापडाला पावडरीचा वास आहे, तो मलाही आला. तू आत काही धुतलं होतंस का?"

म्हाळसानं तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते करुणाला झोंबलं.

"तुमाला बी वाटतंय व्हय?"

"नाही," करुणा म्हणाली, पण तिला उशीर झाला होता. आपण विचारलं याची तिला लाज वाटली. ती उठली, बादलीत पाणी घेतलं, त्यात पावडर कालवली आणि कापडाची एक कोरी चिंधी भिजवून उन्हात दोरीवर टाकली.

चिंधी वाळली. पांढरीशुभ्र.

"हे बघ!" करुणा ओरडलीच. "नुसतं पावडरीचं पाणी सांडलं असतं तर डाग पडलाच नसता. हे तपकिरी पाणी लाकडातून झिरपून आलंय. लाकडाचा काढा होऊन!"

दोघी आत धावल्या. गठ्ठ्याच्या बरोब्बर वर छताचं प्लायवूड टम्म फुगलं होतं. बोट लावलं तर गार लागलं. आजवर सगळ्यांनी खाली बघून आरडाओरडा केला होता, वर कुणी पाहिलंच नव्हतं.

"छत गळतंय, म्हाळसा. सोड ते गाठोडं."

शिडी आली. करुणा टपावर चढली आणि मागच्या भागाचा पत्रा तिनं इंच न् इंच तपासला. चीर नाही, भोक नाही. सगळे रिवेट घट्ट. तरीही खात्री हवी म्हणून शेजारच्या मळ्यातून पाठीवरचा फवारणी पंप आणला. म्हाळसा आत छताला हात लावून उभी राहिली आणि करुणानं वरून मागच्या टपावर पाण्याची नुसती बरसात केली.

"लागतंय का ओल?"

"न्हाय. हाय तसंच हाय."

पंप रिकामा झाला. पाणी वरून आलं होतं, हे नक्की. आणि वर भोकच नव्हतं.

४

करुणाचे वडील बुद्धघोष साळवे यांचं बारामतीत सायकलींचं दुकान होतं. तिचं बालपण पंक्चरच्या घमेल्याशेजारी गेलेलं. भोक डोळ्याला दिसत नसलं की वडील ट्यूबमध्ये हवा भरत आणि ती पाण्यात बुडवत. हवा जिथून सुटेल तिथं बुडबुडे येत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिला तेच आठवलं. एवढी मोठी गाडी पाण्यात कशी बुडवणार? पण गाडीत हवा तर भरता येईल, आणि पाणी बाहेरून लावता येईल.

"म्हाळसा, कळंबात उफणणीचा पंखा कुणाकडे आहे?"

"आबाजीच्या खळ्यावर हाय की. पन बाई, तुमी काय उफननार?"

"गाडी!"

आबाजीनं पंखा दिला, वर स्वतःही आला. करुणाबाई गाडीला वारा घालणार, ही बातमी हां हां म्हणता गावात पसरली आणि बाधेला भ्यालेल्या बायकासुद्धा लांबून बघायला जमल्या. खिडक्या गच्च लावल्या. दारात पंखा बसवला, त्याच्या कडेनं ताडपत्री आणि गोणपाटं कोंबली. शाळेतून वीज घेतली. पंखा घरघरला आणि गाडी फुगल्यासारखी दिसू लागली. निदान सगळ्या बायका तरी शपथेवर तसं सांगत होत्या.

करुणानं घट्ट साबणाचं पाणी केलं आणि फडक्यानं मागच्या टपावर फासलं. काही नाही. मधल्या भागावर फासलं. काही नाही. ती पुढं सरकली. ट्रॅक्टरच्या बाजूला गाडीच्या कपाळावर वाळलेल्या झेंडूचे हार, लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि घोड्याची नाल यांचा मोठा झुबका होता. त्याच्यामागून पाणी ओतलं मात्र, सगळा झुबका फेसानं उकळायला लागला. फुगे येत होते, फुटत होते, पुन्हा येत होते.

"पंखा बंद करा!" ती ओरडली.

हार बाजूला करायला हवे होते, पण हात लावायला कुणी धजेना. करुणाही घुटमळली. बाबासाहेबांच्या मार्गानं गेलेल्या घरातली ती, तिचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण दुसऱ्याच्या श्रद्धेला आपण होऊन हात लावायचा नाही, हेही तिला घरातच शिकवलेलं होतं. म्हणून तर इतके दिवस तिनं त्या झुबक्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"संभाजीदादा," तिनं हाक मारली, "तुमच्याच हातानं काढा."

संभाजी वर चढला, बाहुलीला हात जोडले आणि एकेक वस्तू सोडवली. खालचा पत्रा उघडा पडला. त्याच्यावर मोठाले खिळे ठोकलेले होते, आणि पत्रा प्रत्येक खिळ्याभोवती फाटला होता.

"ह्ये तर मीच ठोकल्यालं," तो पुटपुटला. "पन बाई, ह्ये तर हितं पुडं हाय. पानी तर पार मागं पडतंय!"

बायकांत कुजबूज झाली. तेवढ्यात धुरळा उडवत राजनंदिनीताईंची जीप मैदानात शिरली.

५

"सापडलं का?" ताईंनी उतरता उतरता विचारलं.

"सापडलं. पण मी सांगण्यापेक्षा गाडीलाच सांगू द्या," करुणा म्हणाली. "संभाजीदादा, अवसेला कालव्यावर जे जसं करता, ते तसंच करून दाखवा. काही गाळू नका."

"आदी ट्रॅक्टर सोडतो, त्यो बी धुवायचा असतो. मंग गाडीची दांडी खाली भुईवर टेकवतो."

त्यानं दांडी खाली टेकवली. सबंध गाडी नाक खाली करून पुढं झुकली. शाळेच्या विहिरीवरचा पाइप आणला होता. संभाजीनं सवयीप्रमाणे गाडीच्या कपाळावर पाण्याची धार धरली. आत म्हाळसा आणि ताई उभ्या होत्या.

"आत कुठं काही येत नाहीये," ताई म्हणाल्या.

"येणारच नाही. खिळ्यांच्या भोकांतून पाणी पोकळीत शिरतं आणि गाडी पुढं झुकलेली असते म्हणून तिथंच पुढच्या कोपऱ्यात साठून राहतं. खाली प्लायवूड आणि वर पत्रा. त्यामुळे धुणाऱ्याला काही दिसत नाही. आता दादा, दुसऱ्या दिवशी काय करता?"

"जोडतो आन् निगतो. गावात आलो की दांडीखाली दगडं लावून गाडी उबी करतो."

"आणि दगड नेहमी चढेच लावता."

"व्हय. दारातनं पानी आत येऊ ने म्हनून."

चारजणांनी दांडी उचलली, खाली दगड रचले. आता गाडीचं नाक वर गेलं आणि पाठ खाली आली. छतात कुठंतरी खळखळ झाली. ती खळखळ पुढून मागं सरकत गेली. सगळ्यांनी माना वर केल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग फुगलेल्या प्लायवूडच्या टोकाशी एक तपकिरी थेंब जमला, लोंबला आणि नेमका राजनंदिनीताईंच्या पांढऱ्या पदरावर पडला.

"सगळं जुळतं बघा," करुणा म्हणाली. "श्रावणात गाडी गळली नाही, कारण पहिला खिळा दसऱ्याला हारांसाठी ठोकला. त्या आधी भोकच नव्हतं. दसऱ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नाही, म्हणून ते भोक कधी उघडकीला आलं नाही. पाणी आलं ते फक्त अमावस्येच्या धुण्याचं, म्हणून त्याला पावडरीचा वास. गाडी दुसऱ्या दिवशी हलते, म्हणून ते नव्या गावात निघतं. आणि पाणी निघालं की दादा घाबरून आणखी एक वस्तू ठोकणार, म्हणजे आणखी खिळे. म्हणून दर खेपेला पहिल्यापेक्षा जास्त पाणी."

संभाजी खालीच बसला. "म्हंजे नजर उतरवायला ग्येलो आन् मीच..."

"तुम्ही जपायला गेलात, दादा. त्यात पाप नाही. पण जपायचं ते दोरीनं जपा, खिळ्यानं नको."

मग कामाला हात लागले. संभाजीनं खिळे उपटले. जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून भोकांवर बसवल्या, त्यावरून बोल्ट आवळले आणि वर डांबराचा हात दिला. आतली फुगलेली फळी उचकटून उन्हात ठेवली, पोकळीतलं पाणी पुसून काढलं. सिद्धू शिंपी कुणी न बोलावता आला आणि लिंबू-मीठ चोळून डाग कसे काढायचे ते बायकांना दाखवत बसला. दाखवता दाखवता सुनेच्या काजांचं कौतुकही करून घेतलं. डांबर बसल्यावर दांडी पुन्हा भुईवर टेकवली, कपाळावर धार धरली, मग दांडी वर उचलली. छतात खळखळ झाली नाही. आतून म्हाळसाचा आवाज आला, "कोरडं हाय!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

राजनंदिनीताई बाई वाईट नव्हत्या, फक्त चुकलं म्हणायची त्यांना सवय नव्हती. पदरावरचा डाग झाकत त्या जीपकडे निघाल्या. जाता जाता म्हाळसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा. तुझी नोकरी कुठं जात नाही. बैठकीत मी बघते सगळं."

करुणाच्या ओठांवर काहीतरी तिखट आलं होतं. पण म्हाळसा तिच्या आधी बोलली. या वेळी तिची मान वर होती.

"ताई, बैठकीत नगं. मला खोटारडी म्हनला ते ह्या बायांम्होरं म्हनला. ह्या गावात मला ऱ्हायचं हाय, लेकीला वाढवायचं हाय. काय सांगायचं त्ये हितंच सांगा. ह्यांच्याच म्होरं."

ताईंनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. मग त्या मागं फिरल्या, गाडीच्या पायरीवर चढल्या, सगळ्यांना दिसाव्यात अशा.

"म्हाळसानं काही केलेलं नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ती खरं बोलत होती. मी न बघता बोलले. माझं चुकलं."

म्हाळसा बायकांकडे वळली. "आयकलं न्हवं समद्यांनी?"

"आयकलं!" बायका एका सुरात म्हणाल्या. तेव्हा कुठं म्हाळसानं तोंडाला पदर लावला, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर रडली.